रि: रि: रि: अहमदाबाद 2030 – अभिनंदनाचं पत्र, सगळ्यांनी वाचा प्लीज

प्रेषक: सेक्रेटरी, कॅलगरी
शनिवार, 10 जानेवारी 2026

नमस्कार मंडळी,

हळदीकुंकवाचा मेल वेगळा येतोय, हा दुसऱ्या विषयावर. 26 नोव्हेंबरला ग्लासगोत शिक्कामोर्तब झालं, 2030 चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला, म्हणजे दिल्लीनंतर वीस वर्षांनी परत आपल्याकडं. 2036 च्या ऑलिंपिकसाठी पण भारतानं ऑक्टोबर 2024 मध्येच पत्र देऊन ठेवलंय. कमिटीचं असं ठरलं की मंडळातर्फे अभिनंदनाचं आणि 2036 ला पाठिंब्याचं एक पत्र पाठवावं. मसुदा जोडलाय, अर्धं पान आहे फक्त. शेवटी एक ओळ टाकलीय की खेळाडूंच्या मुक्कामाला सोलापुरी टॉवेल आणि चादरी घ्याव्यात, आपल्यातले निम्मे सोलापूरचे, लिस्टवरची नावं पण तिथल्या गल्ल्यांची, तेवढंच गावाचं काम.

रविवार 18 पर्यंत हरकत कळवा. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांचा होकार धरू.

————

प्रेषक: जुळे सोलापूर (सध्या खरंच सोलापुरात)
सोमवार, 12 जानेवारी

> ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांचा होकार धरू

हे कुठलं ओ नवीन काढलंत? सोसायटीच्या मीटिंगमध्ये चालतं तसं इथं पण?

मी गड्ड्यासाठी (सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी) आलोय तीन आठवडे, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं. नंदीध्वज निघायला दिवस राहिलेत थोडे, घरात तिळगुळाचा पसारा, त्यात आज चौथ्या दिवशी पाणी आलं, पहाटे पावणेपाचला, त्यामुळं हा मेल मी बॅरलजवळ स्टुलावर बसून मोबाईलवर लिहितोय, चुका सांभाळून घ्या. आई म्हणतेय एवढ्या सकाळी कुणाशी भांडायलास, म्हटलं मंडळाशी.

माझं खेळाशी वाकडं नाही. माझं भांडण त्या "धरू" शी आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये कॅलगरीत आपल्याला विचारलं होतं का नाही, 2026 चं विंटर ऑलिंपिक हवं का नको? 56 टक्के लोक नको म्हणाले, विषय संपला, शहर काय बुडालं नाही. डेन्व्हरला तर 1976 चे विंटर गेम्स मिळालेले होते, 1972 मध्ये लोकांनी मत देऊन परत पाठवले. हॅम्बुर्ग 2015, नको. आणि विचारलं की नकोच येतं असं पण नाही, आत्ता ऑक्टोबरमध्ये म्युनिकनं विचारलं, दोन तृतीयांश लोक हो म्हणाले, आता ते ताठ मानेनं मागतील. अहमदाबादच्या माणसाला कुणी विचारलं? हो म्हणाला असता कदाचित, लई उत्साही लोक आहेत. पण त्याचा पण होकार धरलाच की.

आपल्याकडची चिमणी आठवा. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून किती वर्षं गाव भांडलं, ऊसवाले एकीकडं, विमानवाले एकीकडं, आमच्या घरातच दोन काका एकमेकांशी बोलत नव्हते. 15 जून 2023 ला चिमणी पाडली, आणि पहिलं विमान गोव्याला गेलं 9 जून 2025 ला, दोन वर्षांनी. कोण बरोबर होतं ते सोडा, त्याच्यावर अजून आमच्याकडं जेवणं थंड होतात. पण भांडण झालं तरी! कोर्टात झालं, रस्त्यावर झालं, पंक्तीत झालं. अहमदाबादचं भांडण झालंच नाही, डायरेक्ट पेढे.

माझी हरकत नोंदवा. पाणी गेलं, थांबतो.

————

प्रेषक: नवी पेठ, कॅलगरी
सोमवार, 12 जानेवारी

कमाल आहे. काहीही चांगलं झालं की आपल्या लोकांना आधी त्यातला खडा दिसतो, भात दिसतच नाही.

पाण्याचं आणि खेळाचं काय लग्न लागलंय का? अहमदाबादचे गेम्स रद्द केले तर उजनीचं पाणी उद्यापासून रोज येणार आहे? धरण आपल्याच जिल्ह्यात असून पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही ह्याला कॉमनवेल्थवाले जबाबदार नाहीत साहेब, त्याची भांडणं वेगळी, ती तिथं भांडा.

दुसरं, 2010 मध्ये दिल्लीत काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, स्टेडियमजवळचा पादचारी पूल पडला, खोल्या घाण होत्या, चौकश्या झाल्या, अटका झाल्या. पण 101 मेडल्स आली ते कोण बोलत नाही! ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल दुसरे होतो आपण. थाळीफेकीत कृष्णा पुनियाचं गोल्ड, मिल्खा सिंगच्या 1958 नंतर ॲथलेटिक्समधलं पहिलं, आणि त्या थाळीफेकीत तिन्ही मेडल्स आपल्याच पोरींची. बायकांची 4 बाय 400 रिले मी इथं पहाटे उठून बघितली, शेवटच्या वळणाला मी सोफ्यावर उभी होते, मुलगी रडायला लागली आईला काय झालं म्हणून. मी शाळेत खो-खो खेळलेली बाई आहे, मॅटवर नाही, पार्कच्या मातीत, मला विचारा घरच्या मैदानावर लोक ओरडत असले की काय होतं ते.

तिसरं, आणि हे नीट वाचा. ह्या वर्षी ग्लासगोला फक्त दहा खेळ आहेत. कुस्ती नाही, हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, नेमबाजी नाही. म्हणजे आपली मेडल्स ज्यात येतात तेच नेमके गाळले, पैसे वाचवायला. ज्याच्या घरी कार्य त्याच्या पसंतीचा मेनू, साधं आहे. आपण भरवलं तर कुस्ती परत येईल, तालमीतल्या पोरांना चार वर्षं दम काढायला कारण तरी राहील.

आणि 2024 च्या जानेवारीत पार्क स्टेडियमला रणजी मॅच झाली, इतक्या वर्षांनी, तेव्हा कुणी म्हणालं का मला न विचारता का ठेवली? सगळे फोटो टाकत होतात ह्याच लिस्टवर.

माझा होकार. धरू नका, लिहून घ्या.

————

प्रेषक: पूर्व भाग, एडमंटन
मंगळवार, 13 जानेवारी

मी ह्या भांडणात पडत नाही पण टॉवेलच्या ओळीबद्दल बोलतो कारण आमच्या घरात तीन पिढ्या तेच चाललंय. भावाचे बारा यंत्रमाग आहेत अक्कलकोट रोडला, काल रात्री त्याला फोन करून ही ओळ वाचून दाखवली, तो हसला आणि तेलुगूत एक शब्द बोलला तो इथं लिहीत नाही.

अशी सरकारी ऑर्डर कशी येते सांगतो. टेंडर निघतं. त्यात पहिली अट टर्नओव्हरची, दुसरी अट आधी एवढा माल पुरवल्याचा दाखला, मग डिपॉझिट, मग सगळा माल एका वजनाचा, एका शेडचा, एका तारखेला, आणि पेमेंट माल पोचल्यावर कधीतरी. आता भाऊ सूत उधारीवर घेतो, डाइंगवाल्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला, कामगाराचा पगार आठवड्याला. तीन महिने पैसे अडकले की माग बंद. बारा मागवाल्याच्या हातात टेंडर येतच नाही, ते जातं मोठ्या कंपनीला, ऑटोलूमवाल्या, सोलापूरच्या बाहेरच्या. फार तर तो थोडं काम इकडं देईल, नगावर, भाव पाडून. चादरीला जीआय (गावाच्या नावाचं सरकारी संरक्षण) आहे, टॉवेलला पण आहे, तरी पानिपतचा माल सोलापुरी म्हणून निम्म्या देशात विकतात, आपल्यातल्याच किती जणांच्या बेडवर असेल देव जाणे. खरी ओळखायची तर कोपऱ्यात विणलेलं नाव बघा आणि किंमत बघा, फार स्वस्त मिळाली तर ती आपली नव्हे.

जुन्या मिलपासून (1877 ची ती) आमच्या लोकांनी मोठी मोठी वचनं लई ऐकलीत. मिल गेल्या, वचनं चालू आहेत.

ओळ टाकायचीच असेल तर अशी टाका: खरेदी लहान लहान लॉटमध्ये करावी, यंत्रमागवाल्यांच्या सोसायटीला थेट द्यावी, चाळीस टक्के ॲडव्हान्स. नाहीतर काढून टाका, उगाच गावात सांगतील मंडळानं ऑर्डर आणली म्हणून आणि भावाच्या दारात लोक येतील.

गेम्सबद्दल माझं मत विचाराल तर क्रिकेट सोडून मी काही बघत नाही. 2023 ची फायनल त्याच अहमदाबादला बघायला गेलो होतो, लाखभर माणूस निळ्या शर्टात आणि शेवटी पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तिकिटाचे पैसे अजून बायको काढते.

————

प्रेषक: सात रस्ता, बेंडिगो
मंगळवार, 13 जानेवारी

नमस्कार, कॅलगरी सोडून नऊ वर्षं झाली तरी तुम्ही मला लिस्टवरून काढलं नाही ह्याबद्दल आभार, आता भोगा.

2026 चे कॉमनवेल्थ गेम्स आमच्याकडं होणार होते हे विसरलात का? एप्रिल 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारनं घेतले, आणि मेलबर्नला नाही तर जिलाँग, बॅलरॅट, बेंडिगो, गिप्सलँड असे लहान गावांना वाटून. आम्ही हवेत! म्हणजे समजा महाराष्ट्रानं गेम्स घेतले आणि म्हणाले पुण्या-मुंबईला नाही, सोलापूर, लातूर, नगरला करू, तसं. आमच्या गल्लीत लोकांनी वरच्या खोल्या भाड्यानं द्यायला रंगवून घेतल्या. जुलै 2023 मध्ये सकाळी रेडिओवर प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) सांगतोय, 2.6 अब्ज डॉलर वाटलं होतं ते सहा-सात अब्जावर चाललंय, आम्ही सोडतो. सोडल्याची भरपाई 38 कोटी डॉलर दिली. एक शर्यत नाही, एक शिट्टी नाही, 38 कोटी गेले, आणि नंतर ऑडिटर जनरलनं सगळा हिशोब काढला तर न झालेल्या गेम्सवर 58.9 कोटी गेले होते. सहा-सात अब्जाचा आकडा पण त्यांनी फुगवलेलाच म्हटला.

लहान गावांना दोन अब्जांचं पॅकेज देतो म्हणाले, घरं आणि मैदानं. त्यातलं काही झालं, काही चाललंय. माझ्या शेजारणीचं म्हणणं, खेळाच्या नावाशिवाय हे पैसे आमच्याकडं आलेच नसते, न झालेल्या लग्नाचा आहेर मिळाला! तिचं पण चुकीचं नाही.

नवी पेठ ताई, तुमच्या रिलेबद्दल एक, रागावू नका, त्या चौघीतल्या तिघी पुढच्याच वर्षी डोपिंगमध्ये सापडल्या. मी पण तेव्हा रडले होते आनंदानं. नंतर पण रडले.

माझं मत: अभिनंदन करा, पाठिंबा देऊ नका. 2030 ठरलंय, ते चांगलं होवो. 2036 चा आधी खर्च कळू दे, मग बघू.

————

प्रेषक: नवी पेठ, कॅलगरी
मंगळवार, 13 जानेवारी

डोपिंगचं मला माहीत होतं. लिहायचं टाळलं. असो.

तरी सोफ्यावर उभी राहिलेली मी खरीच होते.

————

प्रेषक: काका (टिळक चौक), कॅलगरी
बुधवार, 14 जानेवारी

तिळगुळ घ्या. गोड बोला वगैरे मी सांगत नाही, तुम्ही ऐकणार नाही.

मी इथं 1981 ला आलो. इथं झालेल्या 1988 च्या विंटर ऑलिंपिकला व्हॉलंटियर होतो, जॅकेट अजून कपाटात आहे, तुमच्या काकूनं दोनदा टाकायला काढलं, मी दोनदा परत आणलं. त्या वेळी बांधलेल्या ओव्हलवर माझी नात आज स्केटिंग शिकते. त्यामुळं 2018 ला मी हो म्हणून मत दिलं आणि हरलो. दोन आठवडे कुणाशी नीट बोललो नाही. पण हरलो ते मोजून हरलो, त्यामुळं कुणावर राग धरता आला नाही, हीच पंचाईत.

मॉन्ट्रियलची गोष्ट नव्या लोकांना माहीत नसेल. 1976 आधी तिथले महापौर म्हणाले होते की ऑलिंपिकला तूट येणं म्हणजे पुरुषाला मूल होण्यासारखं, शक्यच नाही. मूल झालं, चांगलं धष्टपुष्ट, ते कर्ज फिटलं 2006 ला, तीस वर्षांनी. तिथल्या माणसाच्या सिगरेटवर टॅक्स बसायचा त्या स्टेडियमसाठी.

आता मसुद्यातल्या एका शब्दाबद्दल. "शतकमहोत्सवी स्पर्धेचा मान" असं लिहिलंय. बरोबर आहे, पहिली 1930 च्या ऑगस्टमध्ये झाली, इथंच कॅनडात, हॅमिल्टनला, नाव होतं ब्रिटिश एम्पायर गेम्स. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या गावात काय चाललं होतं? मार्शल लॉ. नगरपालिकेवर तिरंगा लावला होता, गांधीजींच्या अटकेनंतर गाव इंग्रजांविरुद्ध उठलं होतं, त्याची शिक्षा. पोरं सोमवारी 12 तारखेला मेलवर भांडत होती, त्या तारखेला 1931 साली धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्यांना येरवड्यात फाशी दिली. त्यांचे चार पुतळे पार्क चौकात आहेत, ज्या स्टेडियमवर रणजी झाली त्याच्या दारात म्हटलं तरी चालेल.

मी म्हणत नाही गेम्स नको. 1934 ला लंडनला भारत उतरला आणि रशीद अन्वरनं कुस्तीत ब्राँझ आणलं, तेव्हापासून ती स्पर्धा आपली पण आहे, हरून जिंकून आपली केलीय. फक्त सोलापूरच्या माणसानं त्या शतकाचा "मान" लिहिताना पेन जरा थांबावं. तो शब्द काढा. बाकी तुम्ही तरुण लोक ठरवा.

————

प्रेषक: सेक्रेटरी, कॅलगरी
गुरुवार, 15 जानेवारी

बापरे. हळदीकुंकवाच्या मेलला चार उत्तरं आली, ह्याला इतकी.

कमिटीशी बोललो. एक, "होकार धरू" मी मागे घेतो, ती माझी घाई होती, आणि जुळे सोलापूरवाले, तुम्ही फोन करून ओरडला असता तरी चाललं असतं, सगळ्यांसमोर बॅरलवर बसून कशाला. दोन, काकांचा शब्द काढला. तीन, टॉवेलची ओळ पूर्व भागवाल्यांनी सांगितली तशी घातली, पण आता ती ओळ पत्रापेक्षा मोठी झालीय. चार, अभिनंदन आणि 2036 चा पाठिंबा ह्याची दोन वेगळी मतं घेतो. फॉर्मची लिंक वेगळ्या मेलनं पाठवतो, हो, नाही, आणि "मला क्रिकेटच कळतं" असे तीन पर्याय. उत्तर नाही आलं तर उत्तर नाही असंच धरू.

जाता जाता, सोलापुरात जो आहे त्यानं येताना शेंगा चटणी किती किलो आणायची ते लिस्टवर विचारावं, फोनवर नको, मागच्या वेळी वाटणीवरून जे झालं ते परत नको.

————

प्रेषक: जुळे सोलापूर
शुक्रवार, 16 जानेवारी

स्टुलावर, सेक्रेटरी. बॅरलजवळच्या. नीट वाचत जा.

दोन्ही फॉर्म भरतो, पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही. मोठ्या काकांना (ऊसवाल्या) हा सगळा थ्रेड वाचून दाखवला, ते म्हणाले बेंडिगोवाली बाई हुशार दिसती, तिला विचार तिथं साखर कारखाना आहे का. धाकटे काका म्हणाले तिथं विमानतळ आहे का ते विचार. मग दोघं परत सुरू झाले, मी गड्ड्यावर निघून आलो.

चटणी: कडक भाकरीबरोबर हवी का नुसती, आणि किती, आज रात्रीपर्यंत इथंच लिहा. जे लिहिणार नाहीत त्यांची नको धरू.