सातवीतल्या मुलीसाठी विज्ञानाची संकेतस्थळं सुचवा

कुंपणावरचा
नमस्कार मंडळी. लेक यंदा सातवीत आहे. धडा संपला की "पुढे काय?" म्हणत मागे लागते, आणि माझा विज्ञानाशी संबंध दहावीनंतर जो तुटला तो तुटलाच. तिला एकटीने बघता येतील अशी चांगली संकेतस्थळं हवी आहेत. अटी आधीच सांगतो. एक पैसाही भरायचा नाही. तिच्या नावाने खातं उघडायचं नाही, ईमेल द्यायचा नाही. लॅपटॉप जुना आहे, त्याला फार दमवता येत नाही. रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. मोबाइल तिच्या हातात देत नाही, त्यामुळे ॲप नकोत. मार्क वाढावेत हा हेतू नाही, वाढले तर तक्रारही नाही.

चिमटा
या विषयाचं चर्वितचर्वण इथे आधीही झालंय. वर शोधखिडकी दिलीय ती कशाला?

नवा_गडी
वाचनखूण साठवली. माझा सहावीत आहे. येऊ द्या अजून.

खडूफळा
फेट. डोळे झाकून. पडद्यावर हाताळून बघायच्या प्रयोगांचा, म्हणजे सिम्युलेशन्सचा, कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फुकट आहे, खातं न उघडता चालतं, काही सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.

सुरुवात विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनपासून करा. बॅटरी, तारा, बल्ब ओढून आणून जोडायचे. मग ॲमीटर (विद्युत प्रवाह मोजणारा) आधी बल्बच्या अलीकडे लावायचा, नंतर पलीकडे. आकडा दोन्हीकडे तोच. माझ्या वर्गात दर वर्षी बरीच पोरं पैजेवर सांगतात की बल्बने वीज संपवली, म्हणजे पलीकडे कमी भरणार. मी फळ्यावर घसा कोरडा करून जे पटवू शकत नाही ते तो एक आकडा पटवतो. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर आग लागते. हा शोध तुमची लेक पहिल्या पाच मिनिटांत लावेल. लावू द्या.

एक सूचना: एचटीएमएल५ मधली सिम्युलेशन्स घ्या. ती उतरवून ठेवली की इंटरनेटशिवायही चालतात. जुनी जावातली जुन्या लॅपटॉपवर रडवतील.

सोनसळी
आम्ही मुलासाठी एका ॲपची अख्ख्या वर्षाची वर्गणी भरली होती. नाव घेत नाही. त्यांचा माणूस घरी आला, मुलाची "चाचणी" घेतली आणि पोरगं किती मागे पडलंय हे आम्हाला असं काही रंगवून सांगितलं की आम्ही तिथल्या तिथे पैसे भरले. मुलाने जेमतेम दोन-चार व्हिडिओ पाहिले. वर्गणी संपली, त्यांचे फोन मात्र संपले नाहीत. त्यामुळे सशुल्क घेणार असाल तर महिन्याच्या बोलीवर घ्या, वर्षाच्या नको.

कुंपणावरचा
ताई, पैसे भरायचे नाहीत असं लिहिलंय मी वर.

सोनसळी
हो, वाचलं. पण फुकट मिळालेल्याची किंमत मुलांना नसते, हे माझं ठाम मत.

खडूफळा
आणि विकत घेतलेल्याची होती का तुमच्याकडे? (हलके घ्या.)

तारांगण
दादा, मुलीला खरंच आवड असेल तर एक बरी दुर्बीण घ्या. आरसा सहा इंचांच्या खालचा नको. मी स्वतः आठ इंची डॉब्सोनियन वापरतो. शनीची कडी एकदा डोळ्यांनी पाहिली की संकेतस्थळाची गरजच उरत नाही.

चिमटा
धागाकर्ते "एक पैसाही नाही" म्हणतायत आणि इथे आठ इंची दुर्बीण निघाली. छान चाललंय.

तारांगण
बरं, तोवर स्टेलॅरियमची वेब आवृत्ती उघडा. गावाचं नाव टाका आणि आज रात्री डोक्यावर काय आहे ते बघा. नासाचं "आइज" पण आहे, ब्राउझरमध्येच चालतं. व्हॉयेजर याने १९७७ मध्ये सुटली, ती आता कुठवर पोचली आहेत ते त्यात दिसतं. जुन्या लॅपटॉपवर अडखळेल मात्र. नासाचंच "स्पेस प्लेस" कोणीतरी सुचवेलच, ते जरा लहान मुलांसाठी आहे, सातवीच्या मुलीला बाळबोध वाटेल.

झूनिव्हर्स मात्र चुकवू नका. तिथे खऱ्या संशोधनातली छायाचित्रं असतात, ती बघून वर्गवारी करायची: ही दीर्घिका सर्पिल की लंबगोल, या फोटोत प्राणी आहे की नाही. बऱ्याच प्रकल्पांत खातं न उघडताही काम करता येतं. याची सुरुवात २००७ मध्ये "गॅलॅक्सी झू"ने झाली आणि त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी एक विचित्र ढग दिसला. तोवर तो काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याला आता तिचंच नाव आहे.

नवा_गडी
हे भारी आहे! माझ्या सहावीतल्याला जमेल?

तारांगण
जमेल. इंग्रजी वाचायला तुम्ही शेजारी बसा.

प्रयोगवेडी
सगळे पडद्यावरच अडकलात. वरच्या फेटच्या बॅटरीला कधी सैल जोड लागतो का? तार कधी गंजते का? खरा बल्ब पेटत नाही तेव्हा "का पेटत नाही" हे शोधण्यात जे शिकणं आहे ते माऊसने ओढून होत नाही. संकेतस्थळ असं हवं जे मुलीला लॅपटॉपवरून उठवेल.

अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ बघा. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी, त्यांचे छोटे व्हिडिओ आणि पुस्तकांचा डोंगर. मराठीतही भरपूर आहे. सगळं फुकट. मांडणी जुन्या वळणाची आहे, शोधायला वेळ लागतो, तो लागू द्या.

त्यातली साधी मोटर करायला सांगा. एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि इनॅमलच्या (वीज न जाऊ देणाऱ्या लेपाच्या) तांब्याच्या तारेचं वेटोळं. खरी गोम तारेच्या टोकांत आहे. एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात प्रवाह चालू, अर्ध्यात बंद, आणि वेटोळं थांबायच्या ऐवजी फिरत राहतं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर नुसतं थरथरून गप्प बसतं. कितीतरी संकेतस्थळं नुसतं "टोकं खरवडा" एवढंच लिहितात आणि पोरं "होत नाही" म्हणून सोडून देतात. सेल तापतो, फार वेळ जोडून ठेवू नका.

इंग्रजी चालत असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमचे "सायन्स स्नॅक्स" पण बघा. संग्रहालयातल्या मोठ्या मांडणीचे घरी करता येतील असे छोटे अवतार आहेत, आणि प्रत्येकाखाली "असं का होतं" ते नीट लिहिलेलं आहे.

खडूफळा
ताई, खऱ्या बल्बला माझा विरोध नाही. पण खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, फेटमध्ये दिसतात. ते रखडत चाललेले दिसतात आणि बल्ब तर लगेच पेटतो, हे कसं? हा प्रश्न मला मुलांनी विचारलाय. उत्तर त्याच चित्रात आहे: परिपथ जोडला की सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच हलू लागतात, बॅटरीतून निघालेला बल्बपर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही. हे मोटर करून कळणार नाही.

प्रयोगवेडी
इलेक्ट्रॉन काय निळे गोळे असतात का? मुलं तेच चित्र डोक्यात घेऊन मोठी होतात.

खडूफळा
पुस्तकात तरी दुसरं काय असतं?

चिमटा
धागा भरकटतोय. चालू द्या, मी खुर्ची ओढून बसलोय.

बिनधास्त_बाई
खान अकॅडमी कोणीच कसं सांगितलं नाही? ना-नफा संस्था आहे, जाहिराती नाहीत, विज्ञानाचे धडे ओळीने लावलेले. माझी भाची त्याच्यावरच शिकली आणि आज वैद्यकीयला आहे. व्हिडिओ खात्याशिवायही बघता येतात, फक्त कुठवर झालं याची नोंद राहत नाही.

प्रयोगवेडी
खान म्हणजे परत वर्गच. त्यांच्या लेकीला धड्याच्या पुढचं हवंय.

बिनधास्त_बाई
पाया पक्का नको का? आमच्या भाचीचं बघा...

भविष्यवेत्ता
आता संकेतस्थळं कसली धुंडाळताय? चॅटबॉटला विचारा, तो वयाप्रमाणे समजावून सांगतो. शिक्षकाचीही गरज नाही.

जुना_मास्तर
निवृत्त शिक्षक आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कोणतंही संकेतस्थळ, व्हिडिओ वा तो चॅटबॉट पारखायची माझी एक रीत आहे. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून तिच्यावर ग्लास पालथा घालतात तो प्रयोग तिथे शोधा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. कारण काय दिलंय ते वाचा. "ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढतं" असं लिहिलं असेल तर ते पान बंद करा.

प्रयोग स्वतः नीट बघितला तर हे उत्तर टिकत नाही. ऑक्सिजन वापरला जातोय म्हणून पाणी चढत असतं तर ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवं. प्रत्यक्षात ते बरंचसं चढतं ज्योत विझल्यावर, आणि भरकन चढतं. ग्लास घालताना कडेने बुडबुडेही निघताना दिसतात. ज्योतीने आतली हवा तापते, पसरते, थोडी बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आत तयार झालेली वाफही निवते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पाणी जास्त चढेल. ग्लासातला ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो.

मी हा प्रश्न एका चॅटबॉटला घातला. त्याने मोठ्या ऐटीत ऑक्सिजनचंच पुराण सांगितलं. "तीन मेणबत्त्यांचं काय?" विचारल्यावर माफी मागून सगळं बदललं. आता सातवीतल्या पोरीला तीन मेणबत्त्या सुचणार कुठून?

दुसरं. तिला एकदा झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं संकेतस्थळ दाखवा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जंगलात असा प्राणी आहे आणि तो नामशेष होतोय, असं त्यावर फोटोंसकट लिहिलंय. १९९८ पासून आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत थाप आहे. तसंच "डायहायड्रोजन मोनॉक्साइड"चे धोके सांगणारंही एक आहे. श्वासातून आत गेल्यास मृत्यू, आम्लवर्षावाचा मुख्य घटक, वगैरे. सगळी वाक्यं खरी आहेत. रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. पाणीच ते. तिला आधी सांगू नका, वाचू द्या.

नवा_गडी
मास्तर, दंडवत. मेणबत्तीचं मीही आजवर ऑक्सिजनच सांगत आलोय.

भविष्यवेत्ता
तुम्ही जुनी आवृत्ती वापरली असेल.

जुना_मास्तर
असेल.

सोनसळी
मुलांना आगीशी खेळायला सांगू नका. आमच्या ओळखीत एकाने पडदा जाळलाय.

प्रयोगवेडी
मास्तरांना अनुमोदन. आणि मोठं माणूस शेजारी हवं, हे वेगळं सांगायला नको.

रानवाट
पानाफुलांची, किड्यांची आवड असेल तर "सीक" बघा, आयनॅचरलिस्टवाल्यांचं आहे. कॅमेरा धरला की प्रजाती ओळखतं आणि खातं लागत नाही. मूळ आयनॅचरलिस्टवर तेरा वर्षांखालच्यांना स्वतःचं खातं उघडता येत नाही, म्हणून हे.

चिमटा
ते ॲप आहे. ॲप नको, मोबाइल नको, पहिल्याच प्रतिसादाच्या वर लिहिलंय.

रानवाट
मग वडिलांच्या मोबाइलवर, रविवारी, फिरायला जाताना. यात काय अडचण?

विज्ञानमित्र_७७
फेट नावाचं एक चांगलं संकेतस्थळ आहे, कोणी सुचवलेलं दिसलं नाही. फुकट आहे.

खडूफळा
🙏

कुंपणावरचा
सगळ्यांचे आभार. मेणबत्तीचा प्रयोग केला. तीन मेणबत्त्यांना पाणी खरंच जास्त चढलं. मास्तर, ऑक्टोपसवर लेकीने विश्वास ठेवला आणि मीही. फेटची चार-पाच सिम्युलेशन्स उतरवून ठेवली आहेत, सेफ्टी पिनाही आणल्यात.

पण खरं सांगायचं तर यातलं काहीच ती सध्या उघडत नाही. तिला दुसऱ्याच कशावरून तरी "अर्थ नलस्कूल" सापडलं. पृथ्वीचा गोल, त्यावर वाऱ्याच्या रेघा वाहताना दिसतात. गोल फिरवायचा, जवळ जायचं, कुठेही टिचकी मारली की तिथला वेग आणि दिशा. खातं नाही, पैसा नाही, आमच्या लॅपटॉपवरही चालतं. अर्धा तास झाला की मला ओढून काढावं लागतं. वरच्या अर्ध्या गोलात वादळं घड्याळाच्या उलट फिरतात आणि खालच्या अर्ध्यात घड्याळासारखी, हे तिने मला दाखवलं. सध्या हेच ठेवतोय. बाकीची यादी छापून भिंतीला लावली आहे.

बिनधास्त_बाई
नुसते वारे बघून अभ्यास कसा होणार? खान अकॅडमीचा विचार करा अजूनही.

जुना_मास्तर
चांगलं आहे. एवढंच तिला सांगा की तो कॅमेऱ्याने टिपलेला वारा नाही. निरीक्षणांवरून महासंगणकाने गणित करून काढलेलं चित्र आहे, दर तीन तासांचं. आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ फिरणारं वादळ सापडतं का ते शोधायला लावा. बराच शोध घ्यावा लागेल, बहुधा सापडणार नाही. का सापडत नाही ते तिलाच विचारा.

कुंपणावरचा
विचारतो. तिचा उलट प्रश्न तुमच्यासाठी आहे: उंची बदलायचा पर्याय आहे, त्यात २५० केलं की वारे भलतेच जोरात आणि पश्चिमेकडून पूर्वेकडेच का पळतात?

खडूफळा
२५० म्हणजे २५० हेक्टोपास्कल दाबाची पातळी, जमिनीपासून साधारण दहा किलोमीटर वर. तिथल्या त्या पट्ट्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड, त्यामुळे वरच्या थरात ध्रुवाकडे वाहायची ओढ तयार होते. पण पृथ्वी फिरत असल्याने ती हवा उत्तरेत उजवीकडे वळते, दक्षिणेत डावीकडे. दोन्हीकडे वळून दिशा तीच होते, पूर्वेची. आता तिला उत्तर गोलार्धातला हिवाळा आणि उन्हाळा अशा दोन तारखा टाकायला सांगा आणि उत्तरेकडचा पट्टा कुठे सरकतो, कधी जोर धरतो ते लिहून ठेवायला सांगा.

तारांगण
आणि ढग नसतील त्या रात्री बाहेर घेऊन जा हो तिला. दुर्बीण नसली तरी चालेल.