आईच्या बीपी-शुगरसाठी फोनवरचा डॉक्टर चालते काय?

पऱ्हाटी (घाटंजी)
आई ६३ वर्षांची. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत. दर महिन्याला तालुक्याला न्यावं लागते. एसटी सकाळी एकच, नंबर लागेपर्यंत दुपार, अन् डॉक्टर म्हणतात, "त्याच गोळ्या चालू ठेवा." माझी मजुरी बुडते, आईचे गुडघे सुजतात. उपकेंद्रात ई-संजीवनी (व्हिडिओवरून डॉक्टरांना दाखवायची सरकारी सोय) आहे म्हणतात. कोणी वापरलं काय?

बांधावरची (वर्धा जिल्हा)
वापरा भाऊ. पण घरच्या मोबाइलवरून नको, उपकेंद्रातूनच करा. माझ्या बाबांचं वर्षभर तसंच चालू आहे. सीएचओ मॅडम (उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी) आधी पट्टा बांधून बीपी घेतात, बोटातून शुगर बघतात, मग डॉक्टरांना व्हिडिओ लावतात. आकडे समोर असले की डॉक्टरही नीट बोलतात, मागच्या वेळी तर एक गोळी कमी केली. औषध तिथंच, फुकट. घरून नुसतं "बरं वाटते" सांगून काय कळणार त्यांना? मात्र तीन-चार महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष दाखवून आणाच.

धानपट्टा (गोंदिया)
मी आरोग्यसेविका आहे. जुन्या, आटोक्यातल्या आजाराला फोन चांगला, हे मान्य. नव्या तापाला नाही. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफसचे (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप) किती रुग्ण निघाले, आठवत असेल. आमच्याकडं मागच्या पावसाळ्यात शेतात निंदण करणाऱ्या एका बाईला फोनवर दोनदा तापाच्या गोळ्या मिळाल्या. उपकेंद्रात आली तेव्हा आडोशाला नेऊन पाहिलं. काखेत काळी खपली, विडीचा चटका बसल्यासारखी, हीच स्क्रब टायफसची खूण. तिलाही माहीत नव्हती, कारण दुखत नव्हती. वेळेत त्यावरची डॉक्सीसायक्लिन गोळी सुरू झाली म्हणून सावरली. अशी जागा कोणती बाई कॅमेऱ्यात दाखवेल? छातीत दुखणं, धाप, साप चावणं, यात तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट १०८ लावा.
आणि भाऊ, आईचे तळपाय कोणी पाहिलेत का? व्हिडिओत चेहराच दिसतो.

पऱ्हाटी
नाही पाहिले ताई. आज पाहतो.

पऱ्हाटी
टॉर्च लावून पाहिलं. डाव्या टाचेला भेग आहे, आतून ओली. वास येते थोडा. दुखत नाही म्हणते माय.

धानपट्टा
शुगरमध्ये न दुखणं हीच काळजीची गोष्ट आहे, बधिरपणा आला असेल. हळद, चुना काही भरू नका. स्वच्छ कापड गुंडाळा, अनवाणी चालू देऊ नका. उद्या व्हिडिओ नको, सकाळच्या एसटीनं न्या.

पऱ्हाटी
हो ताई, नेतो.