पुश ३ स्टँडअलोन: स्टेजवर लॅपटॉप न नेता अभंग-लावणीचा कार्यक्रम, ठेके समेवर येत नाहीत

ठेकेकर

नमस्कार मंडळी. एबलटन पुश ३ या पॅडच्या यंत्राचं स्टँडअलोन मॉडेल हाताशी आहे, म्हणजे लॅपटॉपशिवाय आतच एबलटनचं 'लाइव्ह' सॉफ्टवेअर चालवणारं. दीड-दोन तासांचा कार्यक्रम आहे: अभंग, गवळणी, दोन लावण्या, शेवटी भैरवी. पेटी, गायक, गायिका आणि ऑक्टापॅड प्रत्यक्ष वाजणार. तबला-ढोलकीचे लूप, टाळ, तानपुरा आणि मागचे स्ट्रिंग्ज मशीनवरून द्यायचे आहेत. घरी तयारीला लॅपटॉप चालेल, स्टेजवर अजिबात नको.

अडचणी अशा. भजनी ठेक्यावरून दादऱ्यावर गेलं की ढोलकी बरोबर सुरू होते, पण नंतर टाळाची क्लिप (साठवलेला तुकडा) लावली की ती कधी समेवर पडते, कधी भलत्याच मात्रेवर. तानपुरा गायकाला काळी एक आणि गायिकेला काळी पाच लागतो, आणि लय बदलली की तोही विचित्र वाजायला लागतो. लॅपटॉपवर स्ट्रिंग्जला बाहेरचं व्हीएसटी (दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर वाद्य) लावलं होतं, तो ट्रॅक पुशवर मुका आहे. आणि मांडवातल्या विजेचा भरवसा नाही, तर बॅटरीवर कितपत विसंबायचं?

समेवर_भेटू

पहिल्या अडचणीचं मूळ मशीनमध्ये नाही, हिशेबात आहे. तुमचा सेट ४/४ मध्ये आहे आणि क्लिप सुटण्याचं क्वांटायझेशन '१ बार' वर आहे, म्हणजे बटण कधीही दाबलं तरी क्लिप पुढच्या बारच्या सुरुवातीलाच सुटते. मात्रा म्हणजे आठवा भाग धरला तर ४/४ चा बार ८ मात्रांचा. भजनी ठेक्याला ते चपखल बसतं. दादऱ्याची क्लिप ६ मात्रांची. ती बारच्या सुरुवातीला सुटली म्हणून पहिली सम बरोबर, पण पुढचा बार ८ मात्रांनी येतो आणि तोवर दादरा तिसऱ्या मात्रेवर पोचलेला असतो. टाळ तिथे सुटतो. दोन्ही पुन्हा जुळतात २४ मात्रांनी, म्हणजे दर तिसऱ्या बारला. तुमचं 'कधी बरोबर, कधी चूक' ते हेच. रूपकात तर ५६ मात्रा थांबावं लागेल.

उपाय: दादऱ्याच्या सीनला (एकत्र सुटणाऱ्या क्लिपांच्या ओळीला) टाइम सिग्नेचर ६/८ द्या, रूपकाच्या सीनला ७/८. मग एक बार म्हणजे एक आवर्तन, आणि '१ बार' क्वांटायझेशन आपोआप समेवरच सोडतं. हे लॅपटॉपवर सीनच्या रकान्यात भरून ठेवा, तिथेच सीनचा टेम्पोही लिहिता येतो. क्लिपच्या चौकटीत जो सिग्नेचर दिसतो तो फक्त रेघा दाखवण्यापुरता असतो. तो बदलून वाजण्यात काडीचा फरक पडत नाही, आणि बहुतेक जण तिथेच अडकतात.

टेम्पोचा हिशेब नीट करा. लाइव्ह सगळीकडे बीपीएम पाव भागात मोजतं, सिग्नेचर ६/८ असला तरी. मिनिटाला १८० मात्रांचा दादरा हवा असेल तर टेम्पो ९०. भजनी ठेका १६० मात्रांचा असेल तर ८०. मात्रेची गती तीच ठेवून ताल बदलायचा असेल तर टेम्पोला हातच लावू नका, फक्त सिग्नेचर बदला.

ठेक्याचे प्रकार (साधा, भरीचा, लग्गीचा) एकाच ट्रॅकवर वेगवेगळ्या क्लिपमध्ये, सगळ्या सारख्या लांबीच्या ठेवा आणि त्यांना 'लेगॅटो' लावा. म्हणजे नवी क्लिप जुनीच्या जागेवरूनच पुढे चालते, पाचव्या मात्रेवर दाबली तरी आवर्तन मोडत नाही. या क्लिपांपुरतं क्वांटायझेशन आठव्या भागावर आणता येतं. तिहाईची क्लिप मात्र लेगॅटोशिवाय, समेवरून सुटणारी, आणि तिला एका बारनंतर ठेक्यावर आपोआप परत नेणारी 'फॉलो अ‍ॅक्शन' लावा.

आणखी एक. सीन सोडला की ज्या ट्रॅकवर त्या ओळीत क्लिप नाही तो ट्रॅक बंद पडतो, कारण रिकाम्या खणातही थांबण्याचं बटण असतं. तानपुऱ्याच्या ट्रॅकवरची ती बटणं काढून टाका: लॅपटॉपवर रिकामे खण निवडून कंट्रोल-ई, मॅकवर कमांड-ई.

काळी_चार

तानपुरा विचित्र वाजतो कारण तो वॉर्प केलेल्या (टेम्पोला बांधलेल्या) ऑडिओ क्लिपमध्ये आहे. टेम्पो हलला की मशीन तो ताणतं आणि जवारीचा (तारांच्या झंकाराचा) पार चोथा होतो. वॉर्प बंद करावं तर लाइव्हमध्ये वॉर्प नसलेली क्लिप लूप होत नाही. म्हणून तानपुरा सिम्पलरमध्ये (नमुना स्वरासारखा वाजवणाऱ्या लाइव्हच्या वाद्यात) टाका: क्लासिक मोड, वॉर्प बंद, लूप चालू, फेड वाढवत न्या म्हणजे सांधा ऐकू येणार नाही. लूपमध्ये चार तारांची पूर्ण आवर्तनं यायला हवीत, अर्धवट कापलं तर फेड कितीही दिला तरी ठेच लागते. अटॅक अर्ध्या-पाऊण सेकंदाचा.

तो वाजवायला मिडी क्लिप (आवाज नव्हे, फक्त स्वरांच्या सूचना असलेली) लागेल, आणि ती ४ बारची करून लूप केलीत तर दर ४ बारला स्वर नव्याने सुटेल. एकच लांब स्वर असलेली २५६ बारची क्लिप करा. ८० च्या टेम्पोला ४/४ चा बार ३ सेकंदांचा, म्हणजे पावणेतेरा मिनिटं एका दमात. अभंग त्याहून लांबला तर गायकाला आवरा.

काळी एकवरून काळी पाच म्हणजे ९ अर्धस्वर वर किंवा ३ खाली. ३ खाली तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण तारांचं आवर्तनही तेवढंच संथ होतं आणि खर्ज गढूळ होतो. दोन स्वरांसाठी दोन वेगळी ध्वनिमुद्रणं, दोन सिम्पलर. एकाच नमुन्यावर एखाद-दुसऱ्या अर्धस्वरापलीकडे जाऊ नये असं माझं मत. पंचमाचा आणि मध्यमाचा तानपुराही वेगळा ठेवा, भैरवीला कोणता लागेल ते गाणाऱ्याला आधी विचारून.

व्हीएसटीबद्दल: पुशच्या आत बाहेरची प्लगइन चालत नाहीत, त्यावर इलाज नाही. लॅपटॉपवर त्या ट्रॅकची आधी एक प्रत काढा, मग मूळ ट्रॅक फ्रीझ करून फ्लॅटन करा, म्हणजे त्याचा साधा ऑडिओ होतो. फ्लॅटन केल्यावर मिडी उरत नाही, म्हणून प्रत. ज्या गाण्याची पट्टी ऐन वेळी बदलू शकते त्याचे स्ट्रिंग्ज मात्र ऑडिओ करू नका. ते लाइव्हच्याच वाद्यांवर बसवून मिडी म्हणून ठेवा.

खर्जातला

ढोलकीच्या लूपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. तबला, टाळ, चिपळ्या यांना वॉर्पचा 'बीट्स' मोड. ढोलकीचा घुमारा (खर्जाचा घुमणारा नाद) मात्र बीट्समध्ये लय कमी केली की तुटतो, कारण मशीन दोन आघातांमधली लांबलेली जागा शेपटाचा तुकडा पुढे-मागे फिरवून भरतं किंवा सरळ मोकळी सोडतं. घुमाऱ्याचा लूप मूळ लयीच्या पाच-सात टक्क्यांतच वापरा. त्याहून जास्त लय हलणार असेल तर दोन लयींत दोन लूप घ्या. 'कॉम्प्लेक्स प्रो' लावला की घुमारा सलग राहतो, पण चाटीच्या (पुडीच्या काठावरच्या) आघाताची धार बोथट होते, आणि लावणीत धार गेली तर राहिलं काय?

शिवाय कॉम्प्लेक्स प्रो प्रोसेसर खातो. आत इंटेलचा दोन कोअरचा अकराव्या पिढीचा आय३ आहे, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी. जागा भरपूर आहे, घोड्यांची ताकद बेताची. रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर न लावता एका रिटर्नवर (सगळ्या ट्रॅकचा आवाज पाठवता येतो त्या समाईक ट्रॅकवर) एकच लावा.

वॉर्प मार्कर लॅपटॉपवरच लावून या. दर आवर्तनाच्या समेला एक पुरे. प्रत्येक बोलावर मार्कर ठोकला की वाजवणाऱ्याची झोकदार लय जाते आणि यंत्र वाजल्यासारखं वाटतं.

ठेकेकर

६/८ केल्यावर टाळ दर वेळी समेवर पडतोय. सगळ्यांचे आभार.

दोन गोष्टी राहिल्या. ऑक्टापॅडची मिडी केबल अडॅप्टर लावून पुशला जोडली, पण काहीच वाजत नाही. आणि ऑक्टापॅडवाल्याला कानात क्लिक हवी, ती प्रेक्षकांना ऐकू न जाता कशी द्यायची?

डीआय_बॉक्स

अडॅप्टर बहुधा उलट्या जातीचा आहे. पुशचं मिडी ३.५ मिमीच्या जॅकवर आहे आणि ते 'टाइप ए': पाच पिनांच्या प्लगची ५ नंबरची पिन टोकाला, ४ नंबरची मधल्या कड्याला, २ नंबरची मुळाशी. टाइप बी मध्ये टोक आणि कडं यांची अदलाबदल असते. जळत काही नाही, फक्त शांतता. मल्टिमीटरवर तपासा, मिनिटाचं काम. केबल बरोबर असूनही आवाज नसेल तर ट्रॅकचं मिडी इनपुट सर्व चॅनलवर ठेवा आणि ऑक्टापॅडच्या पॅडचे नोट नंबर पाहा. ड्रम रॅकचे नेहमीचे सोळा खण ३६ पासून सुरू होतात.

क्लिक: मुख्य लाइन आउटपुट दोनच, १ आणि २. एडॅटवरून (ऑप्टिकल डिजिटल जोडणीवरून) आणखी ८ निघतात पण त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो. मांडवातला साउंड बहुतेक वेळा मोनोच असतो, तेव्हा संगीत सगळं डावीकडे आणि क्लिक उजवीकडे. सगळे संगीताचे ट्रॅक एका ग्रुपमध्ये घ्या, ग्रुपवर 'युटिलिटी' हा इफेक्ट लावून मोनो करा, ग्रुप पूर्ण डावीकडे पॅन करा. क्लिकचा ट्रॅक ग्रुपबाहेर, पूर्ण उजवीकडे. मेट्रोनोम वापरण्यापेक्षा क्लिकच्याच मिडी क्लिप करा, दादऱ्याला ६ आणि रूपकाला ७ ठोक्यांची, समेचा आवाज वेगळा. घोटाळा होतो तो रिटर्न ट्रॅकचा: रिव्हर्ब दोन्ही बाजूंना जातो आणि ऑक्टापॅडवाल्याच्या कानात सभागृह घुमतं. रिटर्नही डावीकडे पॅन करा. मास्टरवर लिमिटर असेल तर काढा, नाहीतर ढोलकीच्या दणक्याला क्लिक दबते.

पुशपासून साउंडवाल्याच्या बॉक्सपर्यंत डीआय बॉक्समधूनच जा, अर्थ-लिफ्ट असलेला. गुणगुण तिथेच थांबते आणि मिक्सरवर कुणी फँटम (माइकसाठी केबलमधून जाणारी ४८ व्होल्ट वीज) चालू केलं तरी मशीन सुरक्षित राहतं. गायकाचा माइक पुशमध्ये घेण्याचा विचार असेल तर सोडा. इनपुट पाव इंचाचे आहेत, एक्सएलआर नाही, फँटमही नाही.

वीज: पूर्ण भरलेली बॅटरी दोन-अडीच तास जाते. तुमचा कार्यक्रम त्या काठावर आहे, तेव्हा विजेचा अडॅप्टर पूर्ण वेळ लावून ठेवा. वीज गेली की बॅटरी सांभाळून घेते आणि आवाज तुटत नाही. मशीनला पंखा नाही, उष्णता धातूच्या अंगातून बाहेर पडते. दुपारच्या उन्हात उघड्यावर ठेवू नका, आणि शोभेसाठी त्याला शाल गुंडाळू नका.

समेवर_भेटू

दुसरा सेट उघडला की चालू आवाज बंद होतो, त्यामुळे निदान मध्यंतरापर्यंतची सगळी गाणी एकाच सेटमध्ये हवीत. गाण्यागणिक सीनचा रंग बदला. लाइव्हचा परवाना 'इंट्रो' आवृत्तीचा असेल तर १६ सीन आणि १६ ट्रॅकची मर्यादा आहे, दहा गाण्यांत ती सहज संपते.

लॅपटॉपवरून पुशवर सेट पाठवण्यापूर्वी 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' करा, म्हणजे सगळे नमुने सेटसोबत एकत्र येतात. नमुने डेस्कटॉपवर इकडेतिकडे पसरलेले असले की पुशवर क्लिपा दिसतात पण वाजत नाहीत. वाय-फायवर दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कला हवीत. हॉटेल किंवा सभागृहाच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, तिथे फोनचा हॉटस्पॉट लावा.

मांडववाला

थोडं विषयांतर, पण ज्यांनी अजून काही घेतलेलं नाही त्यांच्यासाठी. माइक आणि वेगळी क्लिक दोन्ही मशीनमधूनच हवं असेल तर अकाई फोर्स हे तसंच लॅपटॉपशिवाय चालणारं मशीन बघा. २०१९ चं आहे, ६४ पॅड, ७ इंची टच स्क्रीन, फँटमसह दोन एक्सएलआर-कॉम्बो इनपुट, चार लाइन आउटपुट. संगीत १-२ वर, क्लिक ३ वर, डावी-उजवीकडची कसरत नाही. शिवाय एसडी कार्ड आणि आत २.५ इंची साटा ड्राइव्हची जागा.

उणं असं की रॅम २ जीबीच, ऑडिओ ट्रॅक ८, आणि बॅटरी मुळीच नाही. वीज पापणी लवण्याइतकी गेली तरी मशीन पुन्हा सुरू होतं आणि प्रोजेक्ट परत चढेपर्यंत गायकाला आलाप लांबवावा लागतो. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस लावाच. त्यात सहसा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. यूपीएसमधली गळती आणि बॅटरीचं वय धरून ४० वॅटच्या भाराला पाऊण ते एक तास मोजा. त्या यूपीएसवर मिक्सर किंवा पंखा लावू देऊ नका. डेकोरेशनवाले मोकळा सॉकेट दिसला की मोबाईलचे चार्जर खोचतातच, त्यावर चिकटपट्टी मारून ठेवा.

ठेकेकर

अडॅप्टर टाइप बी निघाला. केबलचा प्लग कापून टोक-कडं उलटं सोल्डर केलं, ऑक्टापॅड वाजतोय. रिटर्नचं पॅन राहिलंच होतं, तेही केलं. आता घुमाऱ्याचे लूप दोन लयींत घ्यायला बसतोय.