कुत्र्याच्या न भरणाऱ्या जखमेसाठी पीआरपी: साध्या सेंट्रिफ्यूजवर प्लेटलेट्स पुरेशा का येत नाहीत?

माणदेशी_पशुवैद्य

जर्मन शेफर्ड, नर, वय ६ वर्षं, वजन २८ किलो. गाडीखाली फरफटून मागच्या डाव्या पायाच्या हॉक सांध्यावरची (घोट्यावरची) बाहेरच्या बाजूची कातडी गेली आहे. सुरुवातीला जखम साधारण ६ × ४ सेंमी होती. हाड उघडं नाही, अळ्या नाहीत, पू थांबला आहे. तीन आठवड्यांत जखम निम्म्यावर आली, पण आता कडा पुढे सरकत नाहीत. कातडी ओढून टाके घालायला तिथे जागाच नाही.

म्हणून पीआरपी, म्हणजे त्याच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सने भरलेला प्लाझ्मा, वापरायचा विचार आहे. मालकाला तयार किट परवडणार नाही. हाताशी आठ नळ्यांची अँगल सेंट्रिफ्यूज (नळ्या तिरक्या धरून फिरवणारी) आहे. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळ्यांत रक्त घेऊन चाचणीपुरतं ३००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) १० मिनिटं एकदाच फिरवलं. वरचा प्लाझ्मा लालसर निघाला. त्यात प्लेटलेट्स मायक्रोलिटरला ९० हजार, आणि मूळ रक्तात २ लाख ४० हजार! मेलॉक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारं औषध) चालू आहे. नेमकं काय बदलायला हवं?

रक्तलॅब_कोल्हापूर

डॉक्टर, तुमच्या प्लेटलेट्स खाली गेल्या आहेत. एवढ्या जोरात फिरवल्यावर त्या लाल पेशींवरच्या पांढऱ्या थरात बसतात आणि वर उरतो तो प्लेटलेट्स नसलेला प्लाझ्मा. दोनदा फिरवावं लागेल, आधी हळू आणि मग जोरात.

आरपीएमचा आकडा एका मशिनवरून दुसऱ्यावर नेऊ नका. मोजायचं ते जी-बल: ११.१८ × त्रिज्या (सेंमी) × हजारातल्या आरपीएमचा वर्ग. त्रिज्या म्हणजे मधल्या दांड्यापासून फिरत्या नळीच्या तळापर्यंतचं अंतर, ते पट्टीने मोजा. त्रिज्या १० सेंमी असेल तर १२०० आरपीएमला साधारण १६० जी आणि २५०० आरपीएमला ७०० जी मिळतं. त्रिज्या १४ सेंमी असेल तर त्याच १२०० आरपीएमला २२५ जी होतं.

ईडीटीए पूर्ण बंद करा. त्यात प्लेटलेट्सचा आकार बिघडतो आणि ते रक्त अंगात टोचण्यासाठी नसतंच. हेपॅरिनही नको. रक्त गोठू न देणारं एसीडी-ए हे सायट्रेटचं द्रावण घ्या, १८ मिली रक्ताला २ मिली. ते सिरिंजमध्ये आधी भरा, मग मानेच्या शिरेतून १८ किंवा २० गेजच्या सुईने एकाच टोचणीत रक्त घ्या. सुई आत चाचपडली की ऊतींतला गोठवणारा घटक रक्तात मिसळतो आणि प्लेटलेट्स तिथेच गुठळ्या धरतात. पिस्टन सावकाश ओढा. गुंगी देणार असाल तर रक्त त्याआधी काढा. अ‍ॅसिप्रोमॅझिनने प्लेटलेट्सची चिकटण्याची क्षमता कमी होते.

पहिली फेरी १५० ते २०० जी, १० मिनिटं, ब्रेक न लावता. मशीन आपोआप थांबू द्या. ब्रेक लावला की थर ढवळला जातो. अँगल मशीनमध्ये थर तिरका बसतो आणि पांढरा थर काचेला फासतो, म्हणून तुमच्याकडे ही काळजी दुप्पट. सगळा प्लाझ्मा आणि पांढऱ्या थराचा अगदी वरचा पापुद्रा निर्जंतुक, रिकाम्या नळीत घ्या. दुसरी फेरी ७०० जीच्या आसपास, १० मिनिटं. तळाशी प्लेटलेट्सचं बारीक बटण दिसेल. वरचा प्लाझ्मा काढून २ ते २.५ मिली ठेवा, १० मिनिटं तसंच राहू द्या, मग नळी तळहातांत हलकेच फिरवा. व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात ढवळणाऱ्या यंत्रावर) धरू नका.

हिशेब असा: १८ मिली रक्तात, २ लाख ४० हजार धरून, साधारण ४३२ कोटी प्लेटलेट्स. त्यातल्या ६० टक्के हाती आल्या आणि २.५ मिलीत उतरल्या, तर मायक्रोलिटरला १० लाखांच्या थोडं वर, म्हणजे मूळच्या चारपटीहून जास्त. तेवढंच लक्ष्य ठेवा. प्रत्येक वेळी आधीचा आणि नंतरचा काउंट घ्या. काउंट न घेता टोचलेलं द्रव्य नुसता प्लाझ्माही असू शकतो.

लालसरपणाचं कारण शोधायचं तर तोच प्लाझ्मा पुन्हा फिरवा. लाल बटण खाली बसलं तर उपसताना लाल पेशी आल्या. रंग तसाच राहिला तर पेशी फुटल्या आहेत, म्हणजे सुई बारीक होती किंवा जोरात ओढलं गेलं.

श्वानशल्य

लॅबवाल्यांनी म्हटलंय ते सगळं बरोबर, पण मला आधी कुत्र्याकडे बघावंसं वाटतं. आपल्याकडे गोचीड तापाचे कुत्रे ढिगाने येतात. २ लाख ४० हजार काउंट असला तरी एर्लिकिया (गोचीड तापाचा जंतू) नाहीच असं म्हणता येत नाही. काचेवर रक्त पसरून स्मिअर सूक्ष्मदर्शकाखाली बघा, रॅपिड टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर आधी डॉक्सिसायक्लिनचा कोर्स. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त वापरायचा विचार तर मनातही आणू नका. बॅबेसिया, एर्लिकिया असे रक्तातले जंतू थेट पाहुणे म्हणून येतील.

मेलॉक्सिकॅम रक्त काढण्याआधी आठवडाभर थांबवण्याचा आणि नंतर दोन आठवडे न देण्याचा प्रघात आहे. दुखण्यासाठी गॅबापेंटिन द्या. अ‍ॅस्पिरिनची गोष्ट वेगळी, त्याने निकामी केलेली प्लेटलेट शेवटपर्यंत निकामीच राहते.

जखमेचा तळ फिकट, गुळगुळीत आणि कडा गोल होऊन आत वळल्या असतील तर पीआरपी टाकूनही काही होणार नाही. कडा ब्लेडने ताज्या करा, तळ खरवडून टिपटिप रक्त येऊ द्या, साध्या सलाईनने भरपूर धुवा. हायड्रोजन पेरॉक्साईड नको आणि पोव्हिडोन आयोडीन मागे राहू देऊ नका.

मग अर्धं पीआरपी कडांमध्ये २६ गेजच्या सुईने, सेंटीमीटरभर अंतरावर ०.१ ते ०.२ मिली. याला कॅल्शियम मिसळायची गरज नाही, कोलॅजन लागलं की प्लेटलेट्स आपसूक जाग्या होतात. उरलेल्या अर्ध्यात मिलीमागे ०.१ मिली १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट घाला. जेल धरू लागलं की लगेच तळावर पसरवा. वाढीचे बहुतेक घटक पहिल्या तासातच बाहेर पडतात, त्यामुळे आधी करून ठेवण्यात अर्थ नाही. वर पॅराफिन गॉज, पॅड, कापूस, पट्टी. ड्रेसिंग तीन दिवस उघडू नका.

हॉकवर जखम असताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हालचालीकडे. प्रत्येक पावलाला नवी कातडी फाटते. अर्धं स्प्लिंट आणि गळ्यात कॉलर हवीच. तुमच्या कुत्र्यात कडा अडण्याचं कारण हेच असेल, असा माझा अंदाज.

माणदेशी_पशुवैद्य

स्प्लिंट लावलेलं नव्हतं, आज लावतो. रॅपिड टेस्टही उद्या करतो. जास्तीचं पीआरपी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याने वापरता येईल का? आणि किती डोस?

रक्तलॅब_कोल्हापूर

फ्रिजमध्ये नाही. थंडीत प्लेटलेट्स आकार बदलून जाग्या होतात. २० ते २४ अंशांवर ठेवून चार तासांच्या आत संपवा. दर वेळी ताजं रक्त काढा, २८ किलोच्या कुत्र्याचं एकूण रक्त सव्वादोन लिटरच्या वर असतं, २० मिलीने काही बिघडत नाही.

अश्वचिकित्सा_पुणे

हाच प्रयोग कुणी घोड्यावर करणार असेल तर सावध. गुडघा किंवा हॉकखालच्या उघड्या जखमेत घोड्याला मांस वाढण्याची खोड मुळातच असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा जखमांवर पीआरपी जेलने दाणेदार मांस जास्त वाढलं आणि भरणं लांबलं. घोड्यात पीआरपीचा खरा उपयोग मला टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेत) वाटतो, तोही सुरुवातीची सूज ओसरल्यावर, अल्ट्रासाउंडखाली काळ्या दिसणाऱ्या भागातच. शिवाय घोड्याच्या लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या जुळून पटकन खाली बसतात, रक्त नुसतं उभं ठेवलं तरी प्लाझ्मा वेगळा होतो. गायीच्या पेशी बसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. कुत्र्याचे आकडे तसेच दुसऱ्या जनावराला लावू नका.

श्वानशल्य

डोस सात दिवसांच्या अंतराने दोन. दर वेळी पारदर्शक प्लॅस्टिकवर मार्करने जखमेची कड गिरवून ठेवा, डोळ्यांना भरतेय असं नेहमीच वाटतं. दुसऱ्या डोसनंतर आठवड्याने क्षेत्रफळ हललं नसेल तर तिसरा देत बसू नका. कडेचा तुकडा बायॉप्सीला, खोलवरचा नमुना कल्चरला, आणि तळ लाल, स्वच्छ असेल तर कातडीचे पंच ग्राफ्ट (दुसरीकडच्या कातडीचे छोटे गोल तुकडे जखमेत रोवणं).