वजनकाटा की मोजपट्टी? लठ्ठपणा आणि दीर्घकालीन आजारांविषयी चर्चा

कृष्णाकाठ (धागालेखक)

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आहे. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वांत जास्त आढळले. मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा यांचे हे तीन आकडे एकमेकांपासून वेगळे नाहीत, असे माझे मत आहे. आपण मात्र साखरेची गोळी वेगळी घेतो, रक्तदाबाची वेगळी घेतो, गुडघ्यांसाठी तिसऱ्याच डॉक्टरांकडे जातो आणि रात्रभर घोरणाऱ्या माणसाला काही आजार असेल हे तर कोणाच्या मनातही येत नाही.

संपूर्ण समाजाचे वजन बदलले तर काय होते, याचे एक उदाहरण क्युबाचे आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर १९९१ पासून तिथे अन्न आणि इंधन दोन्हींची टंचाई झाली. लोक पायी किंवा सायकलने फिरू लागले आणि प्रौढांचे सरासरी वजन सुमारे पाच किलोंनी उतरले. पुढच्या वर्षांत मधुमेहाने व हृदयविकाराने होणारे मृत्यू स्पष्टपणे घटले. परिस्थिती सुधारल्यावर वजने पुन्हा वाढली आणि त्यामागोमाग मधुमेहही वाढला. म्हणून लठ्ठपणा हा प्रत्येकाच्या जिभेचा आणि आळसाचा खासगी प्रश्न आहे, असे म्हणणे आपण थांबवले पाहिजे.

पर्वतीपायथा

क्युबाचे उदाहरण अर्धेच सांगितले गेले आहे. त्याच टंचाईत पन्नास हजारांहून अधिक लोकांना डोळ्यांच्या व हातापायांच्या नसांचा विकार जडला, कारण आहारातून ब गटातील जीवनसत्त्वेच नाहीशी झाली होती. उपासमारीचा दाखला आरोग्याच्या बाजूने देताना फार जपून बोलावे.

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळाचे ३.५ किलो होते. आपले बाळ स्नायूंनी, हातापायांनी, पोटातील अवयवांनी लहान. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. पुढे याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! अशा समाजात ‘लठ्ठपणामुळे मधुमेह’ हे सूत्र लावले, की ऊसतोडीला जाणारा काटकुळा माणूस आपल्या तपासणीतून सुटतो. तो बारीक आहे म्हणून त्याची साखर कोणी पाहतच नाही, आणि पायाची जखम चिघळल्यावर त्याचा मधुमेह कळतो. आपल्याकडे या आजाराची मुळे आईच्या ताटात शोधली पाहिजेत, मुलाच्या पोटाच्या घेरात नव्हे.

कृष्णाकाठ

नसांच्या विकाराचा मुद्दा मान्य आहे. तो मी लिहायला हवा होता. मात्र याज्ञिकांच्या आकड्यांतून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ते आकडे चरबीकडेच बोट दाखवतात. फसवा ठरतो तो वजनकाटा.

इंग्लंडमधील न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर यांनी मांडलेली कल्पना अशी की, प्रत्येक शरीराची त्वचेखाली चरबी सुरक्षित साठवण्याची एक मर्यादा असते; ती ओलांडली की चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात साचू लागते आणि इन्शुलिनचे काम बिघडते. ही मर्यादा एखाद्याची ११० किलोंवर असेल, तर एखाद्याची ६२ किलोंवर. त्यांनी ज्यांना कोणी लठ्ठ म्हणणार नाही अशा, २७ पेक्षा कमी बॉडी मास इंडेक्स असलेल्या वीस मधुमेहींचे वजन उतरवले. त्यांपैकी चौदा जणांची साखर औषधाविना आटोक्यात आली. अभ्यास लहान आहे हे खरे, पण बारीक माणसाच्या मधुमेहाचा चरबीशी संबंध नाही हे म्हणणे त्यापुढे टिकत नाही. आपण ज्याला काटकुळा म्हणता, त्याच्या सदऱ्याची खालची दोन बटणे ताणलेली आहेत का, हे एकदा पाहावे.

माजघर

आपण दोघेही चरबीच्या जागेविषयी बोलत आहात. मी ती चरबी वागवणाऱ्या बाईविषयी लिहिते. तीन वर्षांपूर्वी ओटीपोटात दुखते म्हणून मी एका रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी मला तपासणीच्या टेबलावर झोपवलेही नाही. कागदावरचे ८४ किलो पाहून ते म्हणाले, “आधी दहा किलो कमी करून या, मग बघू.” मी पाच महिने सकाळ-संध्याकाळ चालले आणि एक वेळचा भात सोडला. शेवटी बहिणीने दुसरीकडे सोनोग्राफी करायला लावली, तेव्हा बीजाशयात गाठ निघाली. ती गाठ वजनाने आली नव्हती, पण वजनामुळे पाच महिने दडून राहिली.

संपूर्ण समाजाचे वजन उतरवण्याच्या मोहिमेची मला म्हणूनच भीती वाटते. तिचा रोख शेवटी कोणावर येतो, हे मी घरात रोज पाहते. तेल कमी घालायचे ते आम्ही, मुलांच्या डब्याचे ऐकून घ्यायचे ते आम्ही, आणि उरलेली पोळी टाकवत नाही म्हणून ओट्याशी उभ्याने खायची तीही आम्हीच.

कृष्णाकाठ

आपल्याबाबत जे घडले, ते वाईट वैद्यक होते. त्याचे समर्थन कोणी करू नये, आणि मी तर नाहीच. पण समाजाच्या पातळीवर विचार करणे म्हणजे एकेका जाड माणसाला गाठून उपदेश करणे नव्हे. ते अगदी उलट आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ मध्ये मांडले होते की, थोडा धोका असलेल्या पुष्कळ माणसांतून जितके रुग्ण निघतात, तितके मोठा धोका असलेल्या मोजक्या माणसांतून निघत नाहीत. म्हणून सगळ्यांची सरासरी थोडी हलवावी. मेक्सिकोने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला; त्यात कोणाला वजनकाट्यावर उभे केले नाही. आपल्या ओट्यापाशी उरलेली पोळी हा त्या कराचा विषय नाही, हेही मी मान्य करतो. त्या पोळीचे उत्तर माझ्याकडे नाही.

गटप्रवर्तक

मी आशा सेविकांच्या कामावर देखरेख करते. आपण ज्या पोटाच्या घेराविषयी लिहीत आहात, तो मोजणारी मोजपट्टी आमच्या पिशवीत आधीपासून आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे दीर्घकालीन आजारांचा धोका गुणांनी जोखणारा अर्ज, भरताना कमरेचा घेर मोजावा लागतो. स्त्रीचा ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाचा ९० पर्यंत असेल तर शून्य गुण, त्यापुढे दहा सेंटिमीटरपर्यंत एक, त्याहूनही जास्त असेल तर दोन. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातील आजार यांचे गुण मिळून बेरीज चारच्या वर गेली, की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी पाठवायचे.

प्रत्यक्षात काय होते तेही सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, उघड्या अंगावर पट्टी धरायची असते. आमच्याकडे ती नऊवारीच्या ओच्यावरून धरली जाते, नाहीतर बाई ओसरीवर सासऱ्यांसमोर उभी असते म्हणून नजरेनेच ‘एक गुण’ लिहिला जातो. दाराआड नेऊन, चार शब्द बोलून मोजले तर दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ घेणाऱ्या सेविकेच्या यादीत मी बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या, पण ८६ आणि ८८ घेर असलेल्या बायका पाहिल्या आहेत. त्यांतल्या दोघींची साखर वाढलेली निघाली, आणि दोघींनाही आजवर कोणी ‘जाड’ म्हटले नव्हते.

पर्वतीपायथा

हे वाचून मी एक पाऊल मागे घेतो. घेर बारीक माणसालाही पकडतो, हे मान्य. तरी माझे दोन आग्रह कायम आहेत. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची साखर तपासलीच जावी; घेराचे गुण कमी पडले म्हणून कोणी रांगेत मागे राहू नये. आणि मुलगी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून तिच्या रक्तातील लोहाकडे आणि ब-१२ जीवनसत्त्वाकडे पाहिले जावे, कारण तिच्या बाळाची चरबी कुठे साठणार हे तिथेच ठरू लागते. मोजपट्टी तिथवर पोहोचत नाही.

माजघर

गटप्रवर्तक ताई, त्या दोघींना पुढे काय सांगितले गेले? ‘वजन कमी करा’ एवढेच?

गटप्रवर्तक

नाही. एकीचे वजनच ४९ किलो होते, तिला तसे कोणत्या तोंडाने सांगणार? तिला उपकेंद्रात बोलावून उपाशीपोटी पुन्हा तपासले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आणि रोजच्या चहातली साखर ती स्वतः मोजून आली: दिवसाला अकरा चमचे. आता चार आहेत. घेर पुढच्या महिन्यात मोजायचा आहे, दाराआड.