मदत हवी आहे: डेब्रिजच्या प्लॉटवर बाग कशी उभी करायची?

नमस्कार मंडळी. विक्रोळीत आमच्या चाळींमागे एक प्लॉट वर्षानुवर्षं डेब्रिजखाली (बांधकामाच्या राडारोड्याखाली) पडून आहे. डीपी रिमार्क (विकास आराखड्यात प्लॉट कशासाठी राखीव आहे याची पालिकेकडची माहिती) काढले, आरक्षण उद्यानाचंच निघालं. धारावीजवळ मिठी नदीकाठच्या कचऱ्याच्या डेपोवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान झालं, सुमारे ३७ एकर, १९९४ मध्ये खुलंही झालं. मग आमचा हा तुकडा का नाही?

पालिकेच्या उद्यान विभागाकडे पाठपुरावा केलेल्यांनी सांगा: आधी वॉर्ड ऑफिस की थेट नगरसेवक? डेब्रिजवर माती किती टाकावी लागते? करंज, भेंडी (भाजीची नव्हे, मोठं झाड) तगतील का? (पेव्हर ब्लॉक आणि प्लास्टिकचे जिराफ नकोत, प्लीज.)

आणखी एक. बाग झाली की भाडी वाढतात, असं शेजारच्या काकू म्हणतात. तुमच्याकडे भाडेकरूंचं काय झालं?