मदत हवी आहे: चाळिशीतल्या बायकांसाठी थ्रोबॉल सुरू करायचाय

मंडळी, नमस्कार. परभणीत आमच्या कॉलनीतल्या चाळिशीच्या आसपासच्या बायकांचा संध्याकाळचा खेळ सुरू करायचाय. फिरायला सगळ्या येतात, पण खेळायचं म्हटलं की "आता काय वय राहिलंय का" म्हणून मागं सरतात. पुरुषांचं रविवारचं टेनिस बॉल क्रिकेट तरी चालतं. बाईचा खो-खो लग्नानंतर सुटतो तो सुटतोच, आणि याचं मला फार वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या आकडेवारीत भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल पुरेशी नाही. पुरुष ४२ टक्के. आठवड्याला निदान १५० मिनिटं, एवढंच माप. त्यात घरकामही धरलेलं असतं, तरी ही गत!

थ्रोबॉल यासाठी की चेंडू झेलून नेटपलीकडं टाकायचा, पळापळ कमी. दोघींचे गुडघे दुखतात आणि शाळेचं मैदान मुरमाचं, पाय सटकतो. महिलांच्या व्हॉलीबॉलची २.२४ मीटर उंची नवशिक्यांना जड जाईल. मग नेट किती खाली बांधावं? लातूर, नांदेड, बीडकडं असा गट कुणी चालवत असेल तर शाळेकडून मैदान कसं मिळवलं आणि एप्रिल-मेच्या उन्हात कोणती वेळ ठेवता, तेही सांगा.